वजन अडलंय? कॅलरीच्या हिशेबातल्या या चुका टाळा

दहा-बारा किलो वजन छान उतरतं, मग काटा एका जागी अडतो आणि माणसं घाबरून जेवणावर कात्री चालवतात. आधी रात्रीची पोळी बंद, मग भात बंद, मग नुसतं सूप. आहाराचा सल्ला घ्यायला येणारे बहुतेकजण हे सगळं करून झाल्यावरच येतात. माझं त्यांना एकच सांगणं असतं: आधी हिशेब तपासा, ताटाला नंतर हात लावा.

जुन्या वजनाचा आकडा धरून बसणं

वजन घटलं की शरीराचा रोजचा कॅलरींचा खर्चही घटतो. तो काढायला मी मिफ्लिन-सेंट जिऑर हे १९९० सालचं सूत्र वापरते. किलोतलं वजन गुणिले १०, अधिक सेंटिमीटरमधली उंची गुणिले ६.२५, वजा वय गुणिले ५. बायकांसाठी त्यातून आणखी १६१ वजा करायचे, पुरुषांसाठी ५ मिळवायचे. बैठं काम असेल तर उत्तराला १.२ ने गुणायचं.

चाळिशीची, १६० सेंटिमीटर उंचीची बाई ८२ किलोंची असताना हा खर्च साधारण १७५० येतो, ७० किलोंवर आली की १६००. म्हणजे रोज १४०० कॅलरी खाऊन आधी ३५० ची तूट पडायची, आता २०० चीच पडते. दर पाच किलोंनंतर आकडा नव्याने मांडा.

आणि अर्धा तास चालता म्हणून लगेच मध्यम व्यायामवाल्यांच्या १.५५ ने गुणू नका! उरलेला दिवस खुर्चीतच जातो ना?

तेल नजरेने मोजणं

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते. वर सांगितलेल्या मापाचीच एक ताई आली होती, बँकेत नोकरी करणारी. अॅपमध्ये प्रत्येक घास लिहिलेला. "मॅडम, आता आणखी काय कमी करू? हवा खाऊ का?" म्हणाली आणि डोळ्यांत पाणी आलं. नोंदीत तेल रोज दोन लहान चमचे, म्हणजे ८० कॅलरी. स्वयंपाकाला बाई येतात, फोडणी त्या घालतात. मी विचारलं, "घरात तेलाचा डबा किती दिवस पुरतो?" पाच लिटरचा डबा, माणसं चार, आणि महिना संपायच्या आत डबा रिकामा.

पाच लिटर तेल म्हणजे साधारण साडेचार किलो, आणि ग्रॅमला ९ कॅलरी. तीस दिवस, चार माणसं असा भागाकार केला की माणशी रोज ३४० येतात. तळणीचं थोडं वाया जातं, कोणी कमी खातं, कोणी जास्त, हे धरूनही तिची २०० ची तूट त्या डब्यातच बुडत होती. पोळ्या आणखी कमी करायची काहीच गरज नव्हती.

मी तिला आठवड्याचं तेल रविवारी मोजून वेगळ्या बाटलीत काढायला लावलं. चौघांना मिळून ६०० मिली. बाटली संपली की सोमवारपर्यंत थांबायचं. स्वयंपाकाच्या बाईंनाही समोर बसवून नीट समजावलं, कारण कढईत तेल त्याच ओततात. महिन्याभरात काटा हलला. शेंगदाण्याच्या कुटाचीही हीच गत आहे. भाजीत, कोशिंबिरीत सढळ हाताने पडतो आणि नोंदीत कुठेच नसतो.

बाकीच्या चुका

कच्चा आणि शिजलेला भात एकच धरू नका. १०० ग्रॅम तांदळात साधारण ३५० कॅलरी असतात, तेवढ्याच वजनाच्या शिजलेल्या भातात १३० च्या आसपास.

घड्याळाने दाखवलेल्या "जळलेल्या" कॅलरी परत खाऊ नका. तो अंदाज आहे, आणि बरेचदा फुगलेला.

उपवासाच्या दिवशी नोंद सोडू नका. साबुदाण्याची खिचडी जेवणापेक्षा हलकी नसते.

चार दिवस काटा हलला नाही म्हणून वजन अडलं असं होत नाही. पाळीच्या आधी, खारट खाल्ल्यावर अंगात पाणी साठतं. रोज सकाळी वजन करा, पण आठवड्याची सरासरी बघा. तीन-चार आठवडे सरासरी ढिम्म राहिली, तरच अडलं म्हणा.

तेव्हाही रोजच्या १०० ते १५० कॅलरीच कमी करा. एकदम ८०० वर उतरणाऱ्यांचा मला खरंच राग येतो. केस गळतात, स्नायू झिजतात आणि शनिवारी रात्री सगळा संयम सुटतो. हिशेब चोख असूनही वजन अडलेलंच राहिलं, तर डॉक्टरांना विचारून थायरॉईड तपासून घ्या.