ब्रेकला स्टीलच्या जाळीच्या लाइन बसवताय? या चुका टाळा

‘नव्या लाइन टाकल्या आणि पेडल आधीपेक्षा मऊ लागतंय,’ असं कुणी म्हणालं की मी आधी विचारतो, कॅलिपरचं (चाकापाशी ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागाचं) निपल, म्हणजे हवा काढायचं छोटं तोंड, वर आहे की खाली? कारण हा घोळ मी स्वतः घातलाय. रंगवायला म्हणून दोन्ही कॅलिपर काढले आणि बसवताना डावा उजवीकडे गेला. तीनदा ब्लीडिंग केलं (ऑइल सोडत आतली हवा काढायची), ब्रेक ऑइलची बाटली संपली, तरी पेडल घट्ट होईना. निपल खाली गेलं की हवा वरच्या कोपऱ्यात बसून राहते आणि बाहेर येतं ते नुसतं ऑइल.

मुळात अपेक्षा नीट ठेवा. रबरी होज दाबाखाली किंचित फुगतो. टेफ्लॉनच्या नळीवर स्टीलची वीण असलेली लाइन त्याहून खूपच कमी फुगते. म्हणून पेडल कडक लागतं. पण गाडी किती अंतरात थांबेल, ते मुख्यतः टायर आणि रस्त्याची पकड ठरवते.

गळती निघते ती बहुतेक वेळा वॉशरपाशी. लाइनचं गोल कडीसारखं टोक (बॅन्जो) कॅलिपरला जोडतो तो बॅन्जो बोल्ट. त्याला दोन वॉशर लागतात: एक बोल्टच्या डोक्याखाली, दुसरा बॅन्जो आणि कॅलिपरच्या मध्ये. जुना तांब्याचा वॉशर एकदा चेपलेला असतो, तो पुन्हा वापरला की थेंब येतोच. मग माणूस बोल्ट आणखी आवळतो. हा बोल्ट आतून पोकळ असतो, तो मोडतो. नवे वॉशर घाला आणि मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कवर (आवळण्याच्या जोरावर) थांबा. आट्यांना टेफ्लॉन टेप तर अजिबात नको. इथे सील वॉशर किंवा फ्लेअर (पाइपचं पसरट केलेलं टोक) करतो, आटे नाही.

धातूच्या पाइपवरचा जुना नट साध्या पान्याने सोडवू नका, कोपरे गोल होतात. नटाला जवळजवळ सगळ्या बाजूंनी पकडणारा फ्लेअर पाना घ्या आणि होजचं टोक दुसऱ्या पान्याने धरा, नाहीतर धातूचा पाइपच पिळला जातो. नवा नट आधी बोटांनी फिरवा. एम१० आणि ३/८ इंची आटे दिसायला जवळजवळ सारखेच. चुकीचा नट एक-दोन फेरे जातोही, आणि पाना लावला की आटे खातो.

पीळ हा छुपा शत्रू. लाइनवर लांबीच्या दिशेने मार्करची एक सरळ रेघ ओढा. आवळून झाल्यावर रेघ जिन्यासारखी फिरलेली दिसली तर सोडा आणि पुन्हा बसवा. मग स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवा, एकदा चाक लोंबकळत असताना, एकदा सस्पेन्शनवर भार असताना. लाइन कुठे ताणते, कुठे घासते ते बघा. उघडी जाळी कानशीसारखी असते. एबीएसच्या वायरवर टेकली तर वायर कापते.

ब्लीडिंग करताना ब्रेक ऑइलची टाकी रिकामी होऊ देऊ नका. एबीएस युनिटमध्ये हवा शिरली तर बऱ्याच गाड्यांत स्कॅनर लावल्याशिवाय ती निघत नाही. गाडी जुनी असेल तर पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. पेडल तळापर्यंत गेलं की मास्टर सिलिंडरचे (पेडलच्या जोराने ऑइल ढकलणाऱ्या भागाचे) सील एरवी न वापरलेल्या, गंजलेल्या भागावर घासतात आणि फाटतात. डॉट ५ आणि डॉट ५.१ या ब्रेक ऑइलच्या प्रकारांत नावापुरतंच साम्य आहे: पहिलं सिलिकॉनचं, दुसरं ग्लायकॉलचं. मिसळू नका. ग्लायकॉलचं ऑइल रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा.

शेवटी इंजिन चालू करून कुणाला तरी मिनिटभर पेडल जोरात दाबून धरायला सांगा आणि प्रत्येक जोडावर कोरडा टिश्यू फिरवा. टिश्यू ओला झाला तर गाडी जागेवरून हलवायची नाही. थोडे दिवस चालवल्यावर हीच तपासणी पुन्हा करा. रबराला चिरा पडल्या की दिसतात, जाळीखालची नळी मात्र दिसत नाही. म्हणून जाळी जिथे फिटिंगमध्ये शिरते तिथे कापड फिरवा. तुटलेल्या तारेत ते अडकलं, तर लाइन बदलायची.