आत्महत्येची बातमी टाकताय किंवा फॉरवर्ड करताय? या चुका टाळा

"परीक्षेत कमी मार्क, विद्यार्थ्याने संपवलं जीवन." असल्या हेडिंगची इतकी सवय झालीये की त्यात काही चुकतंय हेच कळत नाही. एवढ्या मोठ्या गोष्टीचं कारण आपण चार शब्दांत ठरवून मोकळे. खरंतर बहुतेक वेळा डिप्रेशन, व्यसन, कर्ज, घरचे ताण असं बरंच काही एकात एक अडकलेलं असतं, आणि तेवढेच मार्क मिळालेला दुसरा एखादा पोरगा ती हेडिंग वाचत असतो ना, त्याला त्यातून काय कळतं? की मार्क कमी पडले तर हाही एक रस्ता आहे.

"अखेर सुटला बिचारा" तर नकोच नको. "प्रयत्न फसला" पण नको, जीव वाचला त्यात फसलं काय? वाचला म्हणा की सरळ.

सगळ्यात घातक म्हणजे कसं केलं, कुठे केलं याचं साग्रसंगीत वर्णन. २०२० च्या एका मोठ्या आढाव्यात दिसलं की सेलिब्रिटीच्या आत्महत्येच्या बातम्यांनंतर आत्महत्या साधारण १३ टक्क्यांनी वाढल्या, आणि बातमीत पद्धत आली होती तिथे त्याच पद्धतीने झालेले मृत्यू ३० टक्क्यांनी. उलटं उदाहरण व्हिएन्नाचं, तिथे १९८७ मध्ये पेपरवाल्यांनी तज्ज्ञांचं ऐकून मेट्रोतल्या आत्महत्यांच्या भडक बातम्या आवरल्या आणि सहा महिन्यांत तिथले असे प्रकार ८० टक्क्यांहून जास्त कमी झाले. नुसतं लिहिणं बदललं, बाकी स्टेशनं तीच!

चिठ्ठीचा फोटो, रडणाऱ्या आईचा व्हिडिओ... यावर बोलायलाच नको.

मग बातमी दाबायची का? तसं नाही. छोटी द्या, साधी द्या, खाली हेल्पलाइन नंबर द्या (आधी लावून बघा, लागतो का ते). अशा विचारांतून बाहेर आलेल्या माणसाची गोष्ट सांगितली तर वाचणाऱ्याला आधार मिळतो, त्याला पापागेनो इफेक्ट म्हणतात.

पोस्ट आधीच पडलीये? हेडिंग बदला, पद्धत आणि फोटो काढा. आणि कमेंटमध्ये कुणी "मलाही असंच वाटतं" लिहिलं तर हार्ट टाकून पुढे जाऊ नका, इनबॉक्समध्ये जाऊन सरळ विचारा, "जीव द्यायचे विचार येतायत का?" विचारल्याने कुणाच्या डोक्यात ते शिरत नाही. हो म्हणाला तर बोलत राहा, जवळचं कुणीतरी त्याच्यापाशी पोचेपर्यंत.