नवा टीव्ही बिघडला आणि दुकानदार हात वर करतोय, तर काय करायचं?

घोडबंदर रोडवरच्या आमच्या घरी गणपतीच्या आधी ४३ इंची टीव्ही आला आणि नवव्या दिवशी पडद्यावर केसाएवढी हिरवी उभी रेघ उमटली. दुकानातल्या माणसाने बिलही न बघता सांगितलं, "ते कंपनीचं काम, आमचा संबंध नाही." मी गप्प घरी आलो आणि दोन आठवडे फुकट घालवले. तुम्ही तसं करू नका. पैसे दुकानाने घेतलेत. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ सांगतो की बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेलीच नसेल तर ३० दिवसांत, सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे.

आधी व्हिडिओ काढा. रिमोटने टीव्हीचा मेनू उघडा. रेघ मेनूवरूनही जात असेल तर दोष टीव्हीचाच, केबलचा किंवा सेट टॉप बॉक्सचा नाही. त्याच व्हिडिओत मागचा सीरियल नंबर येऊ द्या.

मग कंपनीकडे तक्रार नोंदवून नंबर घ्या. टेक्निशियन आला की त्याची जॉबशीट सही करण्याआधी नीट वाचा. हे फार महत्त्वाचं आहे. "फिजिकल डॅमेज" हे दोन शब्द तिथे पडले की वॉरंटीच नाकारली जाते. पटत नसेल तर "मला मान्य नाही" असं लिहून मगच सही करा आणि कागदाचा फोटो ठेवा.

आता दुकानाला लेखी कळवा, ईमेलने आणि स्पीड पोस्टनेही. बिल नंबर, तारखा, दोष, आणि टीव्ही बदलून हवा की पैसे परत, हे स्पष्ट लिहा. उत्तराला पंधरा दिवस द्या. फोनवरचं बोलणं नंतर कोणी कबूल करत नाही.

टीव्ही हप्त्यावर घेतला असेल तर रागाच्या भरात हप्ता थांबवू नका. कर्ज फायनान्स कंपनीचं असतं, सिबिल तुमचा बिघडतो.

दुकान दाद देत नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. माझं काम इथेच झालं. चार दिवसांनी दुकानातूनच फोन आला. तिथेही अडलं, तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. दोन वर्षांच्या आत, ई-जागृती पोर्टलवरून, वकिलाशिवायही तक्रार दाखल करता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. दुकान कुठेही असो, तुम्ही राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यात तक्रार चालते. नवी मुंबईकरांनी एवढं बघावं: वाशी, नेरुळ ठाणे जिल्ह्यात; खारघर, कामोठे रायगडमध्ये.

बदली टीव्ही आला की खोका उघडतानाच व्हिडिओ सुरू ठेवा, आणि नवा सीरियल नंबर दुकानाकडून बिलावर शिक्क्यासह लिहून घ्या.