1967 च्या फोर्ड मस्टँग गाडीला मागे रुंद टायर आणि नवे एक्सल शाफ्ट बसवण्याआधीची तयारी

मागे रुंद टायर घालायचे ठरले की बहुतेक जण आधी आवडलेला रिम विकत घेतात, मग त्यावर बसेल असा टायर शोधतात आणि टायर मडगार्डला घासू लागला की एक्सलच्या रुंदीचा विचार करतात. हा क्रम उलटा आहे. आधी टायर ठरवावा, टायरवरून रिम, रिमवरून एक्सलची रुंदी, आणि ही तिन्ही मापे कागदावर जुळल्याशिवाय एकही वस्तू मागवू नये. मी अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये राहतो. इथे हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ पडू लागले की जुन्या गाड्या गॅरेजमध्ये जातात आणि वसंत ऋतूपर्यंत तिथेच राहतात, त्यामुळे मोजमापाला वेळ नव्हता ही सबब निदान मला तरी सांगता येत नाही.

पहिले काम म्हणजे गाडीखाली आज नेमका कोणता एक्सल आहे याची खात्री करणे. 289 घनइंची इंजिनाच्या बहुतेक गाड्यांत कारखान्यातून 8 इंची आणि 390 च्या गाडीत 9 इंची एक्सल येत असे (हे इंच एक्सलमधल्या मोठ्या दातेरी चक्राच्या व्यासाचे, एक्सलच्या रुंदीचे नव्हेत). पण साठ वर्षांच्या आयुष्यात कोणी काय बदलले असेल ते सांगता येत नाही, म्हणून कागदपत्रांवर विसंबू नये. गाडीखाली झोपून एक्सलच्या मध्यावरच्या डिफरन्शियलच्या, म्हणजे दोन्ही चाकांना जोर वाटणाऱ्या गिअरांच्या, गोळ्याभोवतीचे नट पाहावेत. सगळ्या नटांवर सॉकेट सरळ बसत असेल तर एक्सल 8 इंची आहे, आणि खालच्या दोन नटांवर सॉकेट न बसता रिंग पानाच घालावा लागत असेल तर 9 इंची. त्यानंतर एका फ्लँजपासून (एक्सलच्या टोकाची, चाक जिच्यावर आवळतात ती चकती) दुसऱ्या फ्लँजपर्यंतचे अंतर मोजावे. 1965-66 च्या मस्टँगमध्ये ते 57.25 इंच, 1967 ते 1970 मध्ये 59.25 इंच आणि 1971 ते 1973 मध्ये 61.25 इंच असते. जुन्या भागांच्या बाजारात 1971 नंतरचा 9 इंची एक्सल पुष्कळदा स्वस्त मिळतो आणि मोह होतो, परंतु तो 1967 च्या गाडीखाली घातला की प्रत्येक चाक एक इंच बाहेर येते, आणि तो इंच रिममधून परत मिळवावा लागतो.

आता मोजमापाकडे येऊ. सर्वाधिक वेळ इथेच द्यावा. गाडी जॅकवर लटकत असताना घेतलेले माप निरुपयोगी आहे, कारण कमानपाटे सैल पडतात आणि एक्सल आपली जागा सोडतो. स्टँड एक्सलच्या नळ्यांखाली ठेवून गाडीचे वजन पाट्यांवर येऊ द्यावे, पेट्रोलची टाकी भरलेली असावी आणि मागची सीट जागेवर असावी. मडगार्डच्या आत वळवलेल्या कडेवरून ओळंबा सोडावा, फ्लँजला गुण्या लावावा आणि तीन अंतरे लिहून घ्यावीत: फ्लँजपासून बाहेरच्या ओळंब्यापर्यंत, फ्लँजपासून आतल्या पत्र्यापर्यंत आणि फ्लँजपासून कमानपाट्याच्या कडेपर्यंत. ही मापे डावीकडे आणि उजवीकडे स्वतंत्रपणे घ्यावीत. त्या काळच्या गाड्यांचे पत्रे हातांनी जुळवून वेल्ड केलेले असत आणि एक्सलही अगदी मध्यावर बसलेला असतोच असे नाही. मी पहिल्या वेळी फक्त उजवी बाजू मोजली, तीच डावीकडे धरली आणि रिम मागवले. उजवीकडे टायर सुरेख बसला. डावीकडे जागा 8 मिलिमीटरने कमी निघाली, आणि पहिल्याच उंच वेगरोधकावर मडगार्डच्या कडेने टायरच्या बाजूला बोटभर लांब चीर पाडली. ते रिम अजून माळ्यावर पडून आहेत.

मापे हाती आली की हिशेब अवघड नाही, फक्त टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये आणि रिमची इंचात सांगतात हे ध्यानात ठेवावे. उदाहरणार्थ 255/60 आर 15 हा टायर घेऊ, म्हणजे रुंदी 255 मिलिमीटर, बाजूची उंची तिच्या 60 टक्के आणि रिम 15 इंची. त्याची 255 मिलिमीटर ही रुंदी जमिनीला टेकणाऱ्या पट्ट्याची नसून बाजू जिथे सर्वांत फुगते तिथली असते, आणि रिम अर्धा इंच रुंद घेतला की तीही सुमारे 5 मिलिमीटरने वाढते. 8 इंची रिमची बाहेरच्या कडांमधली एकूण रुंदी 9 इंचांच्या आसपास भरते, म्हणून 4.5 इंच बॅकस्पेसिंग (रिमच्या आतल्या कडेपासून फ्लँजला टेकणाऱ्या पृष्ठभागापर्यंतचे अंतर) असलेल्या रिमचा ऑफसेट, म्हणजे तो पृष्ठभाग रिमच्या मध्यापासून जितका सरकलेला असतो ते अंतर, शून्य धरता येतो आणि फ्लँजच्या दोन्ही बाजूंना टायर सारखा, म्हणजे 127.5 मिलिमीटर पसरतो. आतल्या बाजूला पाट्यापासून किमान 15 ते 20 मिलिमीटर मोकळे ठेवावेत, कारण वळणावर पाटे आडवे लवचतात. बाहेर 12 मिलिमीटर तरी असावेत. समजा, ही मोकळी जागा सोडून दोन टायरांच्या बाहेरच्या बाजूंमध्ये 1760 मिलिमीटर मिळतात. त्यातून 255 वजा केले की 1505 मिलिमीटर उरतात, आणि हे जवळजवळ बरोबर 59.25 इंच आहेत. म्हणजे मूळ रुंदीचाच एक्सल चालेल. ब्रेकच्या ड्रमची जाडी तेवढी दोन्हीकडे मिळवून पाहावी, कारण रिम फ्लँजवर नाही, ड्रमवर टेकतो. हिशेब असा सुटत असेल तर एक्सल कापून अरुंद करण्याच्या फंदात पडू नये, असे मी आग्रहाने सांगेन. फरक दोन-चार मिलिमीटरचा असेल तर बॅकस्पेसिंग बदलून मागवावे. रिमच्या मागे स्पेसर, म्हणजे जाड चकती, घालून भागवण्याच्या मी विरोधात आहे.

शाफ्ट, म्हणजे डिफरन्शियलपासून चाकापर्यंत जोर नेणारे दांडे, मागवताना त्यांच्या आतल्या टोकावरील दात्यांची संख्या आधी पाहावी. 8 इंची एक्सलमध्ये आणि अनेक 9 इंची एक्सलमध्येही 28 दात्यांचे शाफ्ट असतात. जास्त ताकदीच्या गाड्यांना 31 दात्यांचे दिले जात. रुंद टायर जमीन घट्ट धरतो, पूर्वी चाक जागीच फिरून वाया जाणारा जोर आता शाफ्टला पिळतो, आणि म्हणूनच टायरच्या पाठोपाठ शाफ्टचा खर्च येतो. मात्र 31 दात्यांचा शाफ्ट घ्यायचा तर डिफरन्शियलच्या आतले गिअरही 31 दात्यांचेच हवेत. डावा आणि उजवा शाफ्ट सारख्या लांबीचे नसतात, तेव्हा जुने दोन्ही बाहेर काढून, मोजून, त्यांवर बाजू लिहून ठेवावी. बेअरिंगचा बाहेरचा व्यास आणि हाऊसिंगच्या (एक्सलच्या बाहेरच्या कवचाच्या) टोकावरील चार बोल्टांची मांडणी कळवल्याशिवाय कोणी शाफ्ट बनवून देऊ लागला तर तिथून मागवू नये. बेअरिंग आणि त्यामागची कडी प्रेसवरच चढवून घ्यावी, आणि कडीच्या आधी चार भोकांची पट्टी शाफ्टवर ओवली आहे ना, हे प्रेसखाली ठेवण्यापूर्वी बघावे. ती राहिली तर कडी कापून पुन्हा सुरुवात करावी लागते.

हाऊसिंग बदलायचेच असेल तर कमानपाट्यांच्या बैठकी आधी फक्त वेल्डिंगच्या लहान टाक्यांवर धराव्यात. गाडीचे पूर्ण वजन पाट्यांवर आल्यावर गिअरबॉक्सचा आणि पिनियनचा (डिफरन्शियलमध्ये जोर आत नेणाऱ्या लहान गिअरचा) कोन मोजावा, दोन्ही एकमेकांना जवळजवळ समांतर येतील आणि पिनियनचे नाक एक-दोन अंश खाली राहील असे जुळवावे, मगच पक्के वेल्डिंग करावे. गिअरबॉक्सपासून एक्सलपर्यंतच्या प्रोपेलर शाफ्टची लांबी त्यानंतर ठरते, आधी नाही.

उरलेल्या गोष्टी लहान आहेत, पण ऐन वेळी त्याच अडवतात. ब्रेकच्या नळीचा लवचीक तुकडा, हँडब्रेकची केबल, तेलाच्या नव्या सील, हाऊसिंगचा श्वासनळीचा बोल्ट, डिफरन्शियलच्या नटांखालच्या तांब्याच्या चकत्या आणि सव्वादोन ते अडीच लिटर गिअर ऑइल हे सगळे काम सुरू करण्यापूर्वी टेबलावर मांडलेले असावे. घर्षणपट्ट्यांचे लिमिटेड स्लिप (एकच चाक जागी फिरत राहू न देणारे डिफरन्शियल) असेल तर तेलात घालायचे त्याचे वेगळे मिश्रणही लागते. डिफरन्शियलचा गोळा तीस किलोंहून जड असतो, तो उतरवायला दुसरा माणूस बोलावावा. जुन्या 215/70 आर 14 टायरांच्या जागी 255/60 आर 15 आले की चाकाचा व्यास 657 वरून 687 मिलिमीटर होतो आणि काटा 60 मैल दाखवत असताना गाडी 63 च्या जवळ धावते. स्पीडोमीटरचा गिअर त्याच वेळी बदलून टाकावा.

चाके चढवताना नट हाताने फिरवून वळसे मोजावेत. अर्ध्या इंचाच्या स्टडवर (चाकाचा नट ज्यावर बसतो तो बोल्ट) इंचाला 20 आटे असतात, म्हणून किमान 10 पूर्ण वळसे मिळायला हवेत. जाड ॲल्युमिनियमच्या रिमवर ते मिळाले नाहीत तर लांब स्टड घालावेत. मग मडगार्डच्या आतल्या कडेला आणि पाट्यांच्या बाजूला ओल्या खडूचा जाड थर द्यावा, एक्सलची एकच बाजू जॅकने वरच्या रबरी थोपणीला (एक्सलला आणखी वर जाऊ न देणाऱ्या रबराला) टेकेपर्यंत वर न्यावी, नंतर दुसरी, आणि शेवटी मागच्या सीटवर दोन माणसे बसवून घराजवळच्या चढ-वळणांवरून हळू फेरी मारावी. खडू जिथे पुसला गेला असेल तिथे पुन्हा मोजावे. पहिल्या 50 मैलांनंतर टॉर्क पाना लावून सगळे नट तपासावेत, आणि तेव्हाच हाऊसिंगच्या दोन्ही टोकांना बोट फिरवून तेल पाझरत नाही ना, हेही पाहावे.