जर्मनीतल्या लाइपझिगच्या थॉमस चर्चमध्ये ऑर्गन ऐकायला कुठे बसावं?

आत शिरताच संगीतकार बाखच्या कबरीकडे धावू नका. ती १९५० पासून तिथेच आहे. आधी पश्चिमेच्या सज्जाकडे पाहा. तिथला झाउअर या कारागिराचा ऑर्गन १८८९ चा, १९०८ मध्ये ८८ स्टॉपपर्यंत वाढवलेला. स्टॉप म्हणजे एकाच जातीच्या नादाच्या नळ्यांचा संच. या ऑर्गनचा घुमारा रोमँटिक काळातला, म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या भावप्रधान संगीताचा; बाखच्या गुंतागुंतीच्या सुरावटी त्यात मला तरी धूसर वाटतात. त्यांच्यासाठी २००० मध्ये उत्तरेच्या सज्जात वोल या कारागिरांचा ६१ स्टॉपचा ऑर्गन बसवला. म्हणून कार्यक्रमपत्रिका आधी वाचा: बाख असेल तर दक्षिणेकडे, त्या ऑर्गनसमोर बसा; रोमँटिक धाटणीचा संगीतकार रेगर असेल तर झाउअरसाठी मधल्या रांगा. (बाख इथे १७२३ ते १७५० कॅन्टर, म्हणजे गायकवृंदाचा प्रमुख, होता बरं का, ऑर्गनवादक दुसराच!)