स्वस्तातली क्लासिक वन-मेक रेसिंग मालिका सुरू करताय? या चुका टाळा

दहा-बारा मित्रांकडे एकाच मॉडेलची जुनी स्पोर्ट्स कार असते. एखाद्या ट्रॅक डेला, म्हणजे ट्रॅकवर आपापली गाडी चालवायच्या दिवशी, सगळे जमतात आणि कुणीतरी म्हणतं, "आपलीच एक मालिका काढूया की!" एकाच मॉडेलच्या गाड्यांची शर्यतमालिका, म्हणजेच वन-मेक मालिका. कल्पना चांगलीच आहे आणि जुनीही आहे. इंग्लंडमधला 750 मोटर क्लब 1939 मध्ये ऑस्टिन सेव्हनसारख्या साध्या, छोट्या गाडीभोवतीच उभा राहिला आणि पुढे कमी पैशांत शर्यती करणाऱ्यांचं घर झाला. तरीही अशा बऱ्याच मालिका दोन-तीन हंगामांत महाग होतात आणि मग ओस पडतात. कारण बहुतेक वेळा एकच असतं. गाडी स्वस्त निवडली म्हणजे मालिका स्वस्त झाली, असं सगळे धरून चालतात. मालिकेचा खर्च गाडीच्या किमतीवर ठरत नाही. नियमपुस्तिकेत जी जागा मोकळी सुटते, तिथून तो आत शिरतो.

गाडी निवडताना फक्त किंमत पाहणं

चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, ही म्हण जुन्या गाड्यांसाठीच बनली असावी. एखादं दुर्मीळ मॉडेल आज स्वस्त मिळतं, कारण ते कुणाला नको असतं. पण कुणाला नको असलेल्या गाडीचे सुटे भागही कुणी बनवत नाही. शर्यतीत पुढचं फेंडर चेपणार, गिअरबॉक्स जाणार, हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) तुटणार. म्हणून गाडीची किंमत विचारण्याआधी पाच गोष्टींची चौकशी करा: सिलिंडर हेड, गिअरबॉक्सचे गिअर, हब, विंडस्क्रीन आणि बाहेरचे पत्रे. यांतल्या दोन गोष्टी फक्त भंगारातल्या गाड्यांतूनच मिळत असतील, तर ते मॉडेल सोडून द्या.

या कसोटीला एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार उत्तम उतरते. 1962 ते 1980 या काळात ती पाच लाखांहून जास्त बनली आणि 1988 पासून तिची अख्खी बॉडीशेलसुद्धा नव्याने मिळू लागली. पहिली माझदा एमएक्स-5 आणि पोर्शे 944 यांच्याभोवतीही मालिका टिकल्या, त्यामागे सुट्या भागांचा आणि भाग काढून घेता येतील अशा जुन्या गाड्यांचा मोठा साठा आहे.

इथेच दुसरी चूक होते. नियमात नुसतं मॉडेलचं नाव लिहितात, पण एका नावाखाली अनेक गाड्या असतात. एमजीबीच्या सुरुवातीच्या इंजिनात क्रँकला (पिस्टनच्या जोराने फिरणाऱ्या मुख्य दांड्याला) तीन मेन बेअरिंग होती, 1964 पासून पाच आली. 1974 मध्ये रबरी बंपर लागले आणि गाडीची उंचीही वाढवली. 944 ची गोष्ट आणखी अडचणीची. सुरुवातीच्या युरोपीय 2.5 लिटर इंजिनाचं कॉम्प्रेशन (सिलिंडरात मिश्रण किती पट दाबलं जातं ते प्रमाण) 10.6 होतं आणि ताकद 163 अश्वशक्ती. अमेरिकेतल्या त्याच काळच्या गाडीचं कॉम्प्रेशन 9.5 आणि ताकद 143. बाहेरून पाहिलं तर दोन्ही जवळपास सारख्याच. "944, आठ व्हॉल्व्ह" एवढं लिहून थांबलात, तर पहिल्याच हंगामात सगळे युरोपीय इंजिनं शोधत फिरतील आणि त्यांचा भाव चढेल. म्हणून कोणत्या वर्षांची, कोणत्या इंजिनाची, कोणत्या कॉम्प्रेशनची गाडी चालेल, हे नियमात आकड्यांत लिहा. दोन प्रकार एकत्र धावू द्यायचे असतील, तर फरक वजनाने आणि इंजिनात जाणारी हवा अडवणाऱ्या रिस्ट्रिक्टरने भरून काढा. अमेरिकेतल्या स्पेक मियाटात (एमएक्स-5 ला तिथे मियाटा म्हणतात, तिचीच ही वन-मेक मालिका) 1.6 आणि 1.8 लिटरच्या गाड्या अशाच सांभाळून घेतात.

"मनाई नाही म्हणजे परवानगी आहे" असा नियम लिहिणं

घोडं खरं पेंड खातं ते इथे. नवखे आयोजक काय करायचं नाही याची यादी करतात. ती यादी कधीच पुरी होत नाही, कारण पळवाट शोधणारा तुमच्यापेक्षा जास्त वेळ त्यावर घालवतो. पहिल्याच पानावर ठळक वाक्य हवं: नियमात स्पष्ट परवानगी दिलेली नसेल, तर तो बदल करता येणार नाही. त्यानंतर परवानगीची छोटी यादी द्या. अमुक ब्रेक पॅड, अमुक स्प्रिंग, अमुक डॅम्पर (शॉक अ‍ॅब्सॉर्बर). बाकी सगळं कंपनीतून आलं तसं.

डॅम्परवर मी मुद्दाम अडून बसतो. "डॅम्पर बदलता येतील" अशा तीन शब्दांनी मालिकेचा खर्च दुप्पट होऊ शकतो, कारण महागडे, अनेक बाजूंनी सेट करता येणारे डॅम्पर गाडीच्या किमतीला सहज मागे टाकतात. एकच ब्रँड, एकच पार्ट नंबर लिहा. शिवाय ठरलेल्या किमतीला कोणत्याही स्पर्धकाचे डॅम्पर विकत घेण्याचा हक्क इतरांना द्या. मग आतून चोरून बदल करण्यात कुणालाच अर्थ उरत नाही.

इंजिनाबाबत सगळे म्हणतात, "सील लावू." म्हणजे इंजिन कुणी गुपचूप उघडलं तर कळेल. सील लावा, पण सीलच्या आत काय आहे हे आधी मोजलं नसेल, तर सील चोरीलाच संरक्षण देतं. 2014 मध्ये अमेरिकेत स्पेक मियाटाच्या राष्ट्रीय अंतिम शर्यतीनंतर आघाडीच्या अनेक गाड्या अपात्र ठरल्या. कारण होतं सिलिंडर हेडमधल्या पोर्टवर (हवा आत-बाहेर जाण्याच्या मार्गावर) केलेलं काम. इतक्या काटेकोर, इतक्या वर्षांच्या मालिकेत हे घडलं. म्हणून हेडची उंची, कंबश्चन चेंबरचं आकारमान, कॅमची लिफ्ट (कॅम व्हॉल्व्हला किती उचलतो ते) आणि पोर्टचा आकार या चार मापांची किमान आणि कमाल मर्यादा नियमात असू द्या. हेड न काढता डायल गेजने कॅमची लिफ्ट तपासता येते, तेवढं तरी मालिकेतल्या प्रत्येक फेरीला (शर्यतीच्या प्रत्येक कार्यक्रमाला) करा.

जुन्या इंजिनांसाठी मला ताकदीची मर्यादा हा मार्ग जास्त पटतो. चाळीस वर्षांत ही इंजिनं कितीदा उघडली, किती घासली, कुणालाच माहीत नसतं, त्यामुळे "मूळ स्थितीतलं इंजिन" हे शब्द पोकळ ठरतात. निरोगी, साधं इंजिन सहज गाठेल एवढी कमाल मर्यादा ठेवा. जास्त देणाऱ्याला रिस्ट्रिक्टर लावा. मग दहा अश्वशक्तींसाठी नवं इंजिन बांधण्याचं कारणच उरत नाही. फक्त सगळ्या गाड्या एकाच डायनोवर (ताकद मोजण्याच्या यंत्रावर), एकाच दिवशी मोजा. दोन वेगळ्या डायनोंचे आकडे शेजारी ठेवून भांडत बसणं व्यर्थ आहे. आणि नुसती कमाल ताकद पाहू नका, पूर्ण टॉर्कचा आलेखही जपून ठेवा.

मऊ टायरचा मोह

"रेसिंग आहे, स्लिक्स, म्हणजे खाचा नसलेले मऊ टायर, हवेतच" असं म्हणणारा एक जण प्रत्येक बैठकीत असतो. त्याला नम्रपणे पण ठाम नाही म्हणा. टायर लवकर झिजतो हा तोटा दिसतो, पण मोठा तोटा न दिसणारा आहे. पकड वाढली की वळणावर गाडीवर पडणारा भार वाढतो आणि तो भार या गाड्या आखणाऱ्यांनी धरलेलाच नसतो. 944 मध्ये लांब वळणावर तेल संपच्या (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीच्या) एका बाजूला सरकतं, तेल ओढणारा पिकअप कोरडा पडतो आणि दोन नंबरच्या कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग जातं. हे दुखणं सर्वांना ठाऊक आहे आणि टायर जितका चिकट, तितकं ते लवकर गाठतं. एमजीबीच्या तारांच्या चाकांतले स्पोक तुटतात, व्हील बेअरिंग आणि हब थकतात. म्हणजे टायरवर खर्च केलेल्या प्रत्येक पैशामागे आणखी काही पैसे मेकॅनिककडे जातात.

रस्त्यावर चालणारा, कठीण रबराचा एकच टायर ठरवा. हंगामात किती टायर वापरता येतील तेही ठरवा आणि प्रत्येक टायरवर खूण करा. नवा टायर घासून पातळ करायला मनाई हवी, नाहीतर पैसेवाले दर फेरीला नवे टायर घासून आणतील. तो आकार पुढची तीन-चार वर्षं बनणार आहे का, हे टायर कंपनीकडून आधी लेखी घ्या. जुन्या गाड्यांच्या लहान चाकांचे टायर अचानक बंद होतात.

वजनाबद्दल एवढंच: किमान वजन चालकासह, शर्यत संपल्यावर, गाडी ट्रॅकवरून आली तशी. नुसत्या गाडीचं वजन धरलंत, तर जाड माणूस पहिल्या दिवसापासून हरलेला असतो.

सुरक्षेत काटकसर

काटकसर इथे करायची नाही. वापरलेलं सीट आणि हार्नेस (चालकाला सीटला बांधणारे पट्टे) स्वस्त मिळतात, पण एफआयए या जागतिक मोटरस्पोर्ट संघटनेच्या मान्यतेचं हार्नेस बनल्याच्या वर्षानंतर पाच वर्षांनी बाद होतं, हे बऱ्याच जणांना स्क्रूटिनीअरिंगच्या, म्हणजे शर्यतीआधीच्या तपासणीच्या, टेबलावर कळतं. उघड्या गाडीत हेल्मेट घातलेल्या चालकाचं डोकं रोल हूपच्या (गाडी उलटली तर डोकं वाचवणाऱ्या कमानीच्या) खालीच राहिलं पाहिजे. उंच चालकासाठी सीट खाली घ्यावी लागते, हे केज (गाडीतला संरक्षक सांगाडा) वेल्ड करण्याआधी पाहा.

जुन्या इंधननळ्या हा लपलेला शत्रू आहे. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुन्या प्रकारचं रबर मऊ करून फोडतं आणि नळी बहुधा गरम एक्झॉस्टजवळूनच गेलेली असते. सगळ्या नळ्या नव्याने टाकल्याशिवाय गाडी ट्रॅकवर येऊ देऊ नका. ब्रेक फ्लुइडचंही तसंच. ताज्या डॉट 4 प्रतीच्या फ्लुइडचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस असतो, पण पाणी शोषलेल्या फ्लुइडसाठीची किमान मर्यादा फक्त 155 अंश आहे. एका हंगामात ते कितीदा बदलायचं हे नियमातच लिहा.

पहिल्याच वर्षी स्वतंत्र ग्रिड

ट्रॅकचं भाडं आठ गाड्या आल्या तरी तेच आणि अठ्ठावीस आल्या तरी तेच. पहिली एक-दोन वर्षं दुसऱ्या क्लासिक मालिकेच्या ग्रिडमध्ये (एकत्र सुटणाऱ्या गाड्यांच्या रांगेत) स्वतंत्र वर्ग म्हणून धावा. हंगामात अशा चार फेऱ्या पुरेत.

मालिका सुरू झाली आणि बिघडली, तर

एकच जण सारखा जिंकतोय? लगेच इंजिन उघडू नका. आधी वजनकाटा, मग टायरवरच्या खुणा, मग गाडीची उंची आणि चाकांचे कोन, मग डायनो. यानंतरही काही सापडलं नाही, तर दुसऱ्या चांगल्या चालकाला त्याच गाडीत बसवून वेळ घ्या. बऱ्याचदा फरक गाडीत नसतोच. मग त्याला इतरांना शिकवायला लावा. तो नाही म्हणणार नाही, कारण त्यालाही लढत हवी असते.

इंजिनं पटापट जाताहेत? तेलाचं तापमान आणि दाब कुणी पाहतंय का, विचारा. तेल सरकू नये म्हणून संपमध्ये आडव्या पट्ट्या बसवायला सगळ्यांना परवानगी द्या आणि रेव्ह लिमिट (इंजिन किती वेगाने फिरू द्यायचं त्याची मर्यादा) थोडं खाली आणा. त्याने शर्यत मंदावेल, पण पुढच्या फेरीला गाड्या येतील.

धडका वाढल्यात? चूक ज्याची, त्याची पुढच्या शर्यतीतली सुरुवातीची जागा मागे न्या आणि पुढेमागे कॅमेरा सक्तीचा करा. जुन्या गाडीचा पत्रा दुरुस्त करायला महिने लागतात आणि एका धडकेने दोन माणसं हंगामातून बाहेर जातात.

मध्येच प्रवेशसंख्या घसरली, तर गळालेल्या प्रत्येकाला फोन करा. नेमका कुठला खर्च झेपला नाही, ते त्याच्याच तोंडून ऐका. तो आकडा पुढच्या नियमबैठकीत सर्वांसमोर मांडा. आणि सुरक्षेचा प्रश्न सोडला तर तीन वर्षं नियम हलवू नका, कारण प्रत्येक नव्या नियमाबरोबर कुणाच्या तरी गॅरेजमधला नुकताच घेतलेला भाग निकामी होतो.