मेलखालच्या चार ओळी

मी वैद्यकीय मजकुराचं भाषांतर करते. मला नवीन कामं बहुतेक वेळा पुढे पाठवलेल्या मेलमधून येतात. मला न ओळखणाऱ्या माणसासमोर माझा मेल उघडतो आणि मी कोण हे सांगायला तिथे फक्त माझी सही, म्हणजे मेलखाली आपोआप जोडला जाणारा मजकूर, असते.

पूर्वी ती सही म्हणजे एक देखणं चित्र होतं: नाव, फोटो, फोन नंबर, सगळं त्यातच. एका ग्राहकाने माझा मेल पुढे पाठवला, पण समोरच्याकडे मेलमधली चित्रं आपोआप उघडत नव्हती. त्याला दिसली रिकामी चौकट. काम दुसऱ्याला गेलं आणि मला ते दोन महिन्यांनी कळलं. त्यामुळे सही अक्षरांतच टाइप करा. लोगो हवाच असेल तर छोटा ठेवा, पण त्याच्यावाचून काही अडायला नको.

पहिल्या ओळीत नाव. सगळ्यात जास्त वेळ दुसऱ्या ओळीवर घालवा. माझ्या नावाखाली आधी 'भाषांतरकार, संपादक, मुद्रितशोधक, लेखिका' असं होतं. वाचणाऱ्याला त्यातून काय कळणार? आता तिथे आहे: 'औषधांची माहितीपत्रकं आणि रुग्णांसाठीच्या पुस्तिका, इंग्रजीतून मराठीत.' माझी बाकीची कामं यात येत नाहीत, हे मला सुरुवातीला फार खुपलं. पण ज्याला पुस्तिका करून घ्यायची असते, तो ही ओळ वाचून थांबतो.

तिसऱ्या ओळीत लिंक, आणि ती एकच. जुलै १९९६ मध्ये सुरू झालेल्या हॉटमेल या ईमेल सेवेने बाहेर जाणाऱ्या प्रत्येक मेलखाली मोफत खातं उघडण्याचं एका ओळीचं आमंत्रण जोडलं होतं. ते वाचून लोक खाती उघडत गेले आणि १९९७ च्या अखेरीस मायक्रोसॉफ्टने हॉटमेल विकत घेतलं. एका ओळीत एकच गोष्ट सांगितली की ती पोचते. 'माझी वेबसाइट' असं लिहिण्यापेक्षा तिथे काय मिळेल ते लिहा. माझ्याकडे सध्या 'दोन पानांचा नमुना वाचा' असं आहे. नवीन काही हाती आलं की मी ही ओळ बदलते.

चौथ्या ओळीत फोन नंबर. बस. सुविचार, पदव्यांची रांग, पाच सोशल मीडियाची चिन्हं, यातलं काहीही नको. सही चार ओळींपेक्षा मोठी नसावी, असा सल्ला इंटरनेटवरच्या शिष्टाचारांच्या १९९५ च्या दस्तऐवजातही आहे.

जीमेलमध्ये 'सेटिंग्ज'मधल्या 'जनरल' या भागात एकाहून जास्त सह्या करता येतात; नव्या मेलला एक आणि उत्तराला दुसरी, असं ठरवता येतं. माझ्या उत्तराखाली फक्त नाव आणि दुसरी ओळ जाते, नाहीतर लांबलेल्या संवादात तोच मजकूर दहादा येतो. फोनवरून जाणारी सही वेगळी असू शकते, तीही बघा. कित्येकांच्या मेलखाली अजून आयफोनचंच नाव जातं!

शेवटी स्वतःला मेल करा, तो दुसऱ्या खात्यावर पुढे पाठवा आणि फोनवर उघडा. लिंक उघडून बघा. नंबरावर बोट ठेवा, फोन लागला पाहिजे.